कर्जाच्या वहीतला दवाखाना



वरणगावच्या आमच्या गटाची बैठक आठवड्यातून एकदा भरते. बचत जमा झाली, मागचे हप्ते लिहून झाले, की कर्जाची मागणी पुढे येते. वहीत त्यासाठी एक रकाना आहे, ‘कर्जाचे कारण’. एकदा मे महिन्यात, बाहेर पाऊल टाकवत नव्हते अशा दुपारी, आम्ही जुन्या वह्या काढून बसलो आणि तो एकच रकाना वरून खाली वाचत गेलो. शेळी. शिलाई मशीन. कपाशीचे बियाणे. पोराची फी. घरावरचे पत्रे. आणि पानोपानी एक शब्द, दवाखाना.

वाचता वाचता एक मावशी हसल्या. म्हणाल्या, “माझी ती शेळी खोटी आहे बरं का. तेव्हा आमच्या यांच्या पोटाचे ऑपरेशन होते. धंद्याचे कारण सांगितले की कर्ज लवकर मिळेल असे वाटले.” मग दुसरीने तिची शिलाई मशीन कबूल केली. तिसरीचे बियाणे निघाले सासूच्या सलाईनचे. आम्ही पेन्सिलीने खुणा करत गेलो. सुरुवातीला हसत होतो, पण पाने उलटत गेली तसे सगळ्या गप्प झालो.

त्यातली एक खूण आमच्या एका ताईंच्या लेकीची. लेक दुसऱ्या तालुक्यात दिलेली. तिचे दुसरे बाळंतपण सासरीच होते. रात्री सरकारी दवाखान्यात नेले, तर सिझर करावे लागेल, पण भुलीचे डॉक्टर नाहीत, पुढे न्या, असे सांगितले. पुढे म्हणजे कुठे, हे धड कोणी सांगितले नाही. जावयाने रस्त्यात लागलेल्या पहिल्या खासगी दवाखान्यासमोर गाडी थांबवली. तिथे आधी अनामत मागितली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, त्याबद्दल त्या डॉक्टरांचे उपकारच. पण बिलासाठी ताईंनी गटाचे कर्ज घेतले, ते पुरेना म्हणून घरी हप्ते वसूल करायला येणाऱ्या एका कंपनीचेही घेतले. नातू चालायला लागला तरी हप्ते चालूच होते.

आजारपण नशिबाने येते, असे आपण म्हणतो. खरेही असेल. पण आजारपणाचे कर्ज होते ते नशिबाने नाही. सरकारी दवाखान्यात भुलीचा डॉक्टर असणे किंवा नसणे, खासगी दवाखान्याने किती पैसे घ्यावेत याला मर्यादा असणे किंवा नसणे, हे कोणीतरी ठरवलेले असते. ते कोणी, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून ठरवले, तो इतिहास आज सांगायचा आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात तो नव्हता.

सुरुवात सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्लेगपासून करू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तिथून तो सगळीकडे पसरला. आपल्या खानदेशालाही त्याने सोडले नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी आपल्याला ओव्यांमुळे माहीत आहेत. त्यांच्या ओंकार या मुलाला प्लेग झाला आणि त्यातून त्याला कायमचे अपंगत्व आले. इंग्रज सरकारने १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा केला. त्या कायद्याच्या बळावर पुण्यात सोल्जर घराघरांत शिरले, सामान बाहेर फेकले, बायकांची तपासणी रस्त्यावर केली. सरकारी आरोग्यसेवेशी सामान्य माणसाची पहिली मोठी ओळख झाली ती अशी, धाकाची.

त्याच साथीत त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी दुसरी वाट दाखवली. त्यांचे डॉक्टर झालेले चिरंजीव यशवंत यांनी रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई रोग्यांना तिथे आणत होत्या. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आणताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आम्ही सावित्रीबाईंचा फोटो लावून ३ जानेवारीला हार घालतो. पण त्या गेल्या कशाने, हे आमच्यातल्या किती जणींना माहीत होते? थोड्याच जणींना.

पुढचे मोठे पाऊल स्वातंत्र्याच्या तोंडावर पडले. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये एक समिती नेमली गेली आणि १९४६ मध्ये तिचा अहवाल आला. पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्या कारणाने कोणीही उपचारांवाचून राहता कामा नये, हा त्या अहवालाचा पाया होता. प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पना तिथून आली. सुरुवातीला ४०,००० लोकांमागे एक केंद्र असावे, असे समितीने सुचवले होते. १९५२ पासून अशी केंद्रे उघडू लागली. आज सपाट भागात ५,००० लोकांमागे उपकेंद्र, ३०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि सुमारे १,२०,००० लोकांमागे ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय, असा हिशेब आहे. आपल्या वरणगावचे ग्रामीण रुग्णालय याच साखळीतले. म्हणजे तो दवाखाना ही कोणाची मेहेरबानी नाही. देश उभा करताना दिलेल्या शब्दाचा तो एक भाग आहे.

पण शब्द सगळ्यांना सारखा लागला नाही. आपल्या भागातच बघा. भुसावळला रेल्वे आहे, तिच्या कामगारांना रेल्वेचा दवाखाना. १९६४ मध्ये वरणगावला बंदुकीच्या गोळ्या बनवणारी ऑर्डनन्स फॅक्टरी आली, तिच्या कामगारांनाही सरकारी नोकरीबरोबर औषधपाण्याची सोय मिळाली. ते योग्यच होते. मात्र केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या आणि कपाशी वेचणाऱ्या बाईच्या मागे असे कोणी नव्हते. तिच्यासाठी होते ते फक्त आरोग्य केंद्र, आणि तिथे डॉक्टर असेल तर तिचे नशीब.

त्या काळी खासगी डॉक्टर नव्हते असे नाही. पेठेत एखादा दवाखाना असायचा. डॉक्टरसाहेब घरातल्या सगळ्यांना नावाने ओळखायचे, पैसे कापूस विकल्यावर घ्यायचे, कधी घ्यायचेही नाहीत. आजही असे डॉक्टर आहेत. म्हणून ‘खासगी’ म्हटले की सगळ्यांना एका टोपलीत टाकू नये. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला काम सुरू केले, तेही सरकारी नव्हते. त्यांनी गावातल्या बायकांना, ज्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, आरोग्याचे शिक्षण दिले. त्या बायकांनी बाळंतपणे सांभाळली, जुलाब झालेल्या लेकरांना मीठ-साखरेचे पाणी पाजून वाचवले. जामखेडकडे जगाचे लक्ष गेले. पुढे २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी आशाताई आल्या, त्यांच्या आधीची वाट अशा बायकांनीच पाडलेली आहे.

मग गाडे फिरले कुठे?

१९८३ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, अपोलो हे मोठे रुग्णालय सुरू झाले. भागभांडवल उभारून, कंपनीसारखे चालवलेले रुग्णालय ही आपल्या देशात तेव्हा नवी गोष्ट होती. त्याच सुमारास महाराष्ट्रात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण आले. त्याला एक चांगली बाजूही होती, आपल्या पोरांना शिकायला कर्नाटकात जावे लागायचे ते थांबले. पण डॉक्टर होण्यासाठी देणगी मोजायची, ही रीतही पडली. ती इतकी बोकाळली की १९८७ मध्ये सरकारला कॅपिटेशन फी विरोधी कायदा करावा लागला. ज्याने शिकायलाच अमाप पैसा घातला, तो पुढे खेड्यातल्या आरोग्य केंद्रावर सरकारी पगारात कसा रमेल?

यात आणखी एक गोष्ट घडली. साखर कारखाना, शिक्षण संस्था आणि रुग्णालय हे पुष्कळ ठिकाणी एकाच आवारात आले, आणि त्या आवाराचे कर्तेधर्ते विधानसभेतही बसू लागले. आपल्या भाषेत आपण म्हणतो, अमक्याचे सरकारात वजन आहे. इथे वजन बाहेरून टाकायची गरजच उरली नाही, ते आतच होते. खासगी रुग्णालयांवर बंधन घालणारा कायदा ज्या सभागृहात व्हायचा, तिथे रुग्णालये चालवणारेही बसलेले. यात प्रत्येक माणूस वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण मांजरीकडे दुधाची राखण दिली तर काय होते, हे सांगायला बीए व्हावे लागत नाही.

१९९१ नंतर देशाचे आर्थिक धोरण बदलले. १९९३ मध्ये जागतिक बँकेने आरोग्यावर मोठा अहवाल काढला. सरकारने गरिबांसाठी ठरावीक आवश्यक सेवा द्याव्यात, बाकीसाठी विमा आणि खासगी सेवा यांना वाव द्यावा, असा त्याचा कल होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रानेही सरकारी रुग्णालये सुधारण्यासाठी त्या बँकेच्या कर्जावर प्रकल्प घेतला. इमारती दुरुस्त झाल्या, यंत्रे आली. त्याबरोबर रोग्याकडून शुल्क घेण्याचे वळणही पक्के होत गेले. केस पेपरचे पैसे, तपासणीचे पैसे, आणि औषध संपले की बाहेरून आणायची चिठ्ठी. ज्या दवाखान्यात कमी पैसे म्हणून जायचे, तिथेही पदराची गाठ सोडावी लागू लागली.

आता योजनेकडे येऊ, कारण तुमच्या घरात कार्ड असेल. २००७ मध्ये आंध्र प्रदेशात ‘आरोग्यश्री’ नावाची योजना आली. गरीब माणसाने मोठ्या दवाखान्यात जावे, बिल सरकारच्या वतीने भरले जाईल, अशी तिची मांडणी. तोच मार्ग धरून महाराष्ट्राने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. त्या आठांत आपला धुळे जिल्हा होता. जळगावसह बाकीच्या जिल्ह्यांत ती २१ नोव्हेंबर २०१३ पासून आली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. सुरुवातीला सरकार दर कुटुंबामागे ३३३ रुपये हप्ता राष्ट्रीय विमा कंपनीला भरत होते. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा ५ लाख झाली आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अटही काढली गेली.

या योजनेने माणसे वाचली आहेत. आमच्या ओळखीच्या घरांत हृदयाची ऑपरेशने झाली, डायलिसिस झाले. ज्याला मिळाले तो तिला नावे ठेवणार नाही, आम्हीही ठेवत नाही. पण तिच्यामुळे एक मोठा बदल झाला, तो आपण समजून घेतला पाहिजे. आधी सरकार स्वतः दवाखाना चालवत होते. आता सरकार दुसऱ्याच्या दवाखान्याचे बिल भरू लागले. यादीतल्या ऑपरेशनचे पैसे मिळतात, तापाचे, खोकल्याचे, साखरेच्या रोजच्या गोळीचे मिळत नाहीत. दवाखाना योजनेत असतो, पण नेमका आपला आजार बसत नाही, किंवा कागद अपुरा पडतो. आणि सरकारी तिजोरीतला जो पैसा खासगी रुग्णालयाच्या बिलात जातो, तो भुलीच्या डॉक्टरची रिकामी जागा भरायला येत नाही. योजना बनवणाऱ्यांना याची थोडी जाण होती, म्हणून काही उपचार त्यांनी फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवले.

खासगी आणि सरकारी यांतला फरक सरकारच्याच पाहणीत दिसतो. २०१७-१८ च्या देशभरच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातला एका वेळच्या भरतीचा खर्च, बाळंतपण सोडून, सरकारी रुग्णालयात सरासरी ४,२९० रुपये आणि खासगीत २७,३४७ रुपये निघाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत १०० बाळंतपणांपैकी सुमारे १४ सिझरने झाली, खासगीत ४७. खासगीतल्या सगळ्याच बायका काही इतक्या अडलेल्या नसणार.

बायकांच्या शरीरावर हा व्यवहार कुठवर जातो, ते बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीत खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, अंगावर पांढरे जाते, गावात उपचार नाहीत, आणि खासगी डॉक्टर म्हणतो, कॅन्सर होईल, काढून टाका. त्यानंतर बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय अशी ऑपरेशने करू नयेत, असे ठरवावे लागले. आपल्याही गटात पस्तिशीच्या आत पिशवी काढलेल्या बाया आहेत. आम्ही त्यांना विचारले, दुसऱ्या डॉक्टरला दाखवले होते का? बहुतेकींनी मान हलवली, नाही.

आता प्रश्न असा, की खासगी रुग्णालयांवर नियम का नाहीत? आहेत, पण त्यांची गोष्ट ऐका. मोठी धर्मादाय रुग्णालये ट्रस्ट म्हणून करात आणि इतर सवलती घेतात. त्या बदल्यात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. सवलती घेतल्या जात होत्या, अट मात्र कागदावर होती. शेवटी लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने त्यासाठीची योजना लागू झाली. दुसरी गोष्ट, २०१० मध्ये केंद्राने सगळ्या दवाखान्यांची नोंदणी आणि किमान दर्जा यांसाठी वैद्यकीय आस्थापना कायदा केला. तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर होते. महाराष्ट्राने स्वीकारला नाही. आपण आपला वेगळा कायदा करू म्हणून मसुदाही तयार झाला, जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी त्यासाठी पाठपुरावा केला, डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध होता, आणि मसुदा मसुदाच राहिला. वजन असे दिसते. कोणी पाकीट देताना दिसत नाही. फक्त एक कागद टेबलावरून पुढे सरकत नाही.

आणि मग २०२० साली कोरोना आला.

जो कायदा १८९७ मध्ये प्लेगसाठी केला होता आणि ज्याच्या बळावर सोल्जर आपल्या पणज्यांच्या घरात शिरले होते, तोच कायदा सव्वाशे वर्षांनी बाहेर निघाला. या वेळी तो रुग्णालयांच्या बिलाच्या खिडकीपर्यंत गेला. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. साध्या वॉर्डात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. हे करता येत नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. सरकारने मनावर घेतले तेव्हा एका कागदावर ते झाले.

तरी जास्तीची बिले झालीच. पुढे पती गमावलेल्या कित्येक बायका त्या बिलांचे कागद घेऊन उभ्या राहिल्या. कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती आणि जन आरोग्य अभियान यांनी त्यांच्या तक्रारी पुढे नेल्या, काहींना पैसे परतही मिळाले. तिकडे नागपूरच्या रुग्णालयांची संघटना न्यायालयात गेली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कोरोना नसलेल्या रुग्णांच्या दरांवरचे बंधन रद्द केले. सरकारला तसा अधिकार कायद्याने नाही, असा त्याचा अर्थ. साथीपुरता आदेश चालतो, पण एरवीसाठी कायदाच लागतो, आणि तो कायदा तर मसुद्यात अडकलेला.

पण मैत्रिणींनो, खासगीचे एवढे सांगून सरकारीवर पांघरूण घातले तर ते लबाडी ठरेल. जून २०२० मध्ये आपल्याच जळगावच्या सिव्हिलमध्ये काय झाले, ते आपण विसरलेलो नाही. कोरोना झालेली एक म्हातारी आजी तिथून बेपत्ता म्हणून नोंदली गेली, आणि आठ दिवसांनी तिथल्याच शौचालयात तिचा देह सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित केले गेले. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बाळे गेली. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यातली १२ नवजात बाळे होती. हे ऐकल्यावर एखादी बाई म्हणते, कर्ज झाले तरी चालेल, पण सरकारीत नको. तिला आम्ही चूक कसे म्हणणार?

मात्र तिच्या या ‘नको’चा हिशेब पुढे कसा होतो, ते पाहा. ज्यांना बोलता येते, ज्यांची ओळख आहे, ते आधी खासगीत जातात. सरकारीत उरतात ते, ज्यांचे कोणी ऐकत नाही. मग तिथल्या रिकाम्या जागेबद्दल कोणी ओरडत नाही, जागा रिकामीच राहते, आणि उरलेल्याही पुढच्या वेळी खासगीची वाट धरतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. तो आकडा गाठला गेला नाही. त्याबद्दल आपल्या गावात एकही मोर्चा निघाला नाही.

ओरडल्यावर काय होते, याचे उदाहरण खानदेशातच आहे. २००७ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानात राज्यातल्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. त्या पाचांत नंदुरबार होता. गावातली माणसे आरोग्य केंद्रात काय मिळते आणि काय नाही याचे तक्ते भरत, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचत. डॉक्टर हजर असतात का, औषध बाहेरून आणायला लावतात का, बाळंतिणीकडे पैसे मागितले का. आदिवासी पाड्यांतल्या बाया माईकवर उभ्या राहून हे बोलल्या. अधिकाऱ्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागे.

आज आपल्या हातात काय आहे, तेही सांगतो. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण मोफत आहे, त्यात सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण धरलेली आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २,४१८ संस्थांत, आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत झाले, केस पेपरचेही पैसे नाहीत. जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर दिसतील असे लावायचे आहेत. आजाराची माहिती, उपचारांचे कागद, दुसऱ्या डॉक्टरचे मत, पुरुष डॉक्टर तपासताना सोबत बाई, हे आपले हक्क आहेत. दर किती असावा हे अजून तो दवाखानाच ठरवतो, पण बोर्ड लावायला तो बांधील आहे. फुले योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आणि तिची मदतवाहिनी १५५३८८ आहे.

आम्ही गटात दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, कर्जाच्या कारणात आता खोटी शेळी लिहायची नाही. दवाखाना असेल तर दवाखानाच लिहायचा, आणि पुढे एक ओळ जास्त, सरकारीत का नाही झाले? डॉक्टर नव्हते, औषध नव्हते, मशीन बंद होते, की गेलोच नाही. दुसरी, वर्षाच्या शेवटी या ओळी एका कागदावर उतरवून रुग्ण कल्याण समितीकडे, ग्रामसभेत आणि आमदारांकडे द्यायच्या. ज्या गावांत आपले गट आहेत त्या सगळ्यांनी असे केले, तर भुलीच्या डॉक्टरची जागा कुठे कुठे रिकामी आहे, याची यादी बायकांच्या हिशेबाच्या वहीतून निघेल. त्या यादीवर आपल्या सह्या असतील. आपलेही थोडे वजन पडू द्या.

ताईंचा शेवटचा हप्ता मागच्या महिन्यात फिटला. वहीत त्यांच्या नावापुढे ‘शिलाई मशीन’ असे लिहिलेले होते. त्यांनी पेन मागून घेतला, ते खोडले आणि स्वतःच्या हाताने खरे कारण लिहिले. पुढच्या बैठकीला तुम्हीही तुमच्या गटाची जुनी वही काढा. नमस्कार.